बांधावरची जांभळ्या फुलांची रानतुळस खरंच तुळस आहे का? हिचं बी सब्जा म्हणून चालेल का?

तुळस नाही. कंबरेच्या वर उंची, केसाळ चौकोनी खोड, पानांच्या बगलेत जांभळट फुलांचे झुबके, चुरगळलं की नाकात शिरणारा दर्प, म्हणजे विलायती तुळस. शास्त्रीय नाव हिप्टिस सुआव्हिओलेन्स, नव्या याद्यांत मेसोस्फीरम नावाने शोधा. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पडीक माळ, रस्त्याची कड, रूळांची बाजू, सगळीकडे हीच. गुरं तोंड लावत नाहीत.

आमच्याकडे तुळशीच्या लग्नात यावरून चांगलंच वाजलं होतं. दाजींनी शेतावरून हिचा भारा आणून वृंदावनाभोवती लावला, वर बरणीभर बी 'गावरान सब्जा' म्हणून पाहुण्यांना वाटलं. मी म्हटलं, "दाजी, ही तुळस नव्हे." तर म्हणतात, "खोड चौकोनी, वास तुळशीचा, बी भिजवलं की फुगतंय. आणखी काय पाहिजे? बीएस्सीला एवढंच शिकलीस?"

बीएस्सीलाच शिकले. चौकोनी खोड पुदिन्याला असतं, दीपमाळेला असतं, बांधावरच्या कुंभ्यालाही असतं. घाणेरीलासुद्धा असतं, आणि ती तुळशीच्या कुळातली नाहीच. बघायची ती फुलाखालची हिरवी पेली. तुळस-सब्जाच्या पेलीचा वरचा दात रुंद, गोलसर, मागे वळलेला. फुलं शेंड्याला मंजिरीत, थरावर थर. हिला तशी मंजिरी नसते. पेलीवर उभ्या दहा शिरा आणि टोकाला पाच सारखे दात, वाळले की टोचणारे. सब्जाचे दाणे बारीक, एका पेलीत चारपर्यंत. हिचे चपटे, मोठे, एक किंवा दोन. दोन्ही ताटात मांडून दाखवलं. दाजी ताटाकडे न बघता म्हणाले, "आमच्या आजोबांपासून हीच रानतुळस आहे."

तेव्हा वयाला मान देऊन गप्प बसू नका, दोन्हीच्या फांद्या शेजारी ठेवा. आणि दुसऱ्याच झाडाचं बी सब्जा म्हणून कुणाला देऊ नका, गरोदर बाईला किंवा औषधं चालू असलेल्याला तर नाहीच. झाडं बी धरायच्या आत उपटा.

हां, बी विषारी आहे असा अर्थ काढू नका. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हेच बी भिजवून सरबत करतात, त्याला चान म्हणतात. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही.