फोर व्हील ट्रॅक्टरला फक्त मागचे टायर एक साइज मोठे टाकले तर चालतील का? पुढचे अजून चांगले आहेत

नुसते मागचे मोठे टाकू नका, निदान हिशोब केल्याशिवाय तरी नको. फोर व्हील टाकल्यावर, म्हणजे लिव्हरने पुढची चाकंही इंजिनला जोडल्यावर, पुढचा आणि मागचा एक्सल गिअरने एकमेकांना बांधलेला असतो, मागचं चाक एकदा फिरलं की पुढचं किती फिरणार हे कंपनीने ठरवलेलं असतं आणि ते बदलत नाही. त्यात पुढची चाकं मागच्यापेक्षा जरा जास्त अंतर कापतील असं ठेवलेलं असतं, त्याला लीड म्हणतात, साधारण १ ते ५ टक्के. म्हणजे पुढची चाकं ट्रॅक्टर ओढत राहतात.

आता समजायला सोपे आकडे घ्या. मागच्या टायरचा एका फेऱ्यातला परीघ ४४०० मिमी, पुढच्याचा ३०००, गिअर रेशो १.५, म्हणजे मागचं एकदा फिरलं की पुढचं दीडदा. तर ३००० गुणिले १.५ म्हणजे ४५००, लीड झालं सव्वादोन टक्के, छान. मागे ४५५० चा टायर चढवला की लीड उणे झालं, म्हणजे मागची चाकं पुढच्यांना ढकलत नेणार आणि पुढची ब्रेकसारखी धरून बसणार, टायर घासणार ते वेगळंच पण खरा ताण पुढच्या शाफ्टवर आणि गिअरवर येतो, आणि ते काम टायरपेक्षा महाग पडतं हो.

टायरवरच्या साइजच्या आकड्यावर जाऊ नका, एकाच साइजचा परीघ कंपनीगणिक वेगळा असतो. टायर कंपनीच्या चार्टमध्ये रोलिंग सर्कमफरन्स, म्हणजे एका फेऱ्यात कापलेलं अंतर, दिलेला असतो तो बघा, रेशो ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये नाहीतर डीलरकडे मिळेल.

आत्ताचं लीड किती आहे ते घरीच काढता येतं. चारही चाकांत हवा बरोबर भरा, एकेका चाकावर खडूची खूण करा, मऊ सपाट रानात सरळ हळू चालवा आणि मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्याचे फेरे बाजूने चालणाऱ्याला मोजायला सांगा, उरलेला अर्धामुर्धा फेरा टायरचे लग, म्हणजे रबराचे उंच दाते, मोजून धरायचा. एकदा फोर व्हील काढून, एकदा टाकून. काढून १४.७ आले आणि टाकून १५ आले तर १५ भागिले १४.७, म्हणजे लीड २ टक्के.

आणि पुढचे चांगले आहेत म्हणताय पण लग किती उरलेत ते मोजा. २० मिमी झिजले की परीघ सव्वाशे मिमी कमी होतो, मोठ्या चाकाला ते कमी जाणवतं, पुढच्या लहान चाकाला जास्त, वरच्या आकड्यांत ४ टक्क्यांच्या वर. म्हणजे मागे त्याच साइजचे कोरे टाकले तरी पुढचे झिजलेले असतील तर लीड संपलेलंच असेल.

फोर व्हीलचा लिव्हर काढताना अडकत असेल किंवा पुढचे टायर पटापट घासत असतील तर आधी हेच तपासा, आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा. मागचे मोठेच हवे असतील तर पुढचेही त्या हिशोबाने बदला, आणि मोठी साइज तुमच्या रिमला बसते का तेही आधी विचारून घ्या.