नोटपॅडमध्ये उर्दू शेरापुढचा कंस आणि टिंब भलतीकडे का पळतात?

तुम्ही सिराज औरंगाबादींचा शेर उर्दूत, पुढं कंसात मराठी अर्थ असं टाइप करताय ना? फाइल बिघडलेली नाही, घाबरू नका. अक्षरं साठवली जातात तुम्ही टाइप केली त्याच क्रमानं. उजवी-डावी मांडणी फक्त दाखवताना होते. उर्दू अक्षराला स्वतःची दिशा असते, मराठीलाही असते. कंस आणि इंग्रजी टिंब मात्र बिनपेंद्याचे लोटे, ते शेजाऱ्यांकडं नाहीतर परिच्छेदाच्या दिशेकडं कलतात. नोटपॅडचा परिच्छेद मुळात डावीकडून सुरू होणारा, म्हणून ओळीच्या शेवटचं टिंब उजव्या टोकाला जाऊन बसतं.

कंट्रोल आणि शिफ्ट, दोन्ही उजवीकडचीच बटणं, एकत्र दाबा, परिच्छेदाची दिशा पालटेल. नोटपॅड प्लस प्लस हा वेगळा एडिटर वापरत असाल तर त्यात कंट्रोल-आल्ट-आर. टिंबाऐवजी उर्दू कीबोर्डवरचा आडव्या रेघेचा पूर्णविराम वापरा. तो उर्दू अक्षरासारखाच वागतो, जागा सोडत नाही. तरीही कंस ऐकत नसेल तर त्याच्या शेजारी युनिकोडची, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सामायिक संकेतयादीतली, २००एफ ही उजवीकडून डावीकडची दिशा सांगणारी अदृश्य खूण टाका.

बॅकस्पेसनं कर्सर उड्या मारतो, तेवढी सवय करावीच लागते. मी तर शेर एका ओळीत, अर्थ खालच्या ओळीत ठेवतो. निम्मी कटकट तिथंच मिटते.