विजेने मोरचूद (कॉपर सल्फेट) बनवताना तांबं कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, परत का जमतं आणि स्वस्तात उपाय काय?

कॅथोड बिनझिलईच्या मातीच्या कुल्हडात ठेवा. तुमचं तांबं परत जमणं बहुतेक थांबेल. एकाच भांड्यात दोन्ही इलेक्ट्रोड असले की अ‍ॅनोडवरून (धन टोकाला जोडलेल्या तांब्यावरून) विरघळलेले तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरळ कॅथोडवर जातात. कुल्हडाची सच्छिद्र भिंत वीज जाऊ देते, पण या आयनांना बरंचसं अडवते. कुल्हड आधी रात्रभर भिजवा आणि आतली पातळी बाहेरच्यापेक्षा बोटभर वर ठेवा, म्हणजे झिरपलं तरी आतून बाहेर झिरपेल.

द्रावण दोन्हीकडे एकच: तीन भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग बॅटरीचं अ‍ॅसिड, साधारण १० टक्के. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणि सिरीजमध्ये गाडीचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब. शॉर्ट झालं तरी अ‍ॅडॅप्टर वाचतो. १ अँपिअर तासभर चालला की १.१९ ग्रॅम तांबं विरघळतं, म्हणजे जास्तीत जास्त ४.७ ग्रॅम मोरचूद. तांब्याला लावलेली क्लिप द्रावणाच्या वरच हवी, नाहीतर आधी तीच गळून पडते. कुल्हडात लालसर भुकटी दिसू लागली की आतलं द्रावण बदला.

तांबं शुद्ध हवं, म्हणून जाड वायरच घ्या. नाशिकच्या भांडी बाजारातली पितळी मोड वापरलीत तर जस्तही द्रावणात उतरेल. हायड्रोजन निघतो, खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा. मात्र द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) हा खटाटोप नको, तिथे दुकानातलंच मोरचूद परवडतं.