आय.टी.मधला पगार पदवीवर ठरतो का?

बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही विचारले आहे की, आय.टी.मध्ये पगार पदवीवर ठरतो की कौशल्यावर. पुण्यातील एका कंपनीत मी मुलाखती घेतो. तिथल्या अनुभवावरून सांगायचे तर, पहिला पगार बहुतांशी पदवीवर ठरतो आणि पुढची काही वर्षे प्रत्येक पगार त्या पहिल्या आकड्यावरून मोजला जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वार्षिक २.५२ लाखांच्या पॅकेजची समाजमाध्यमांवर बरीच टिंगल झाली, तेव्हा कंपनीने खुलासा केला की हा आकडा तीन वर्षांची बिगर-अभियांत्रिकी पदवी घेतलेल्या फ्रेशर्ससाठी आहे आणि अभियांत्रिकी पदवीधरांना ४ ते १२ लाख मिळतात. त्यातला ४ ते १२ हा फरक मात्र पदवीचा नव्हे. तो कोडिंग परीक्षेतील गुणांचा, कौशल्याचा आणि काही अंशी कॉलेजच्या नावाचा असतो.

मुलाखतीत मी उमेदवाराला डेटाबेसमधले दोन तक्ते जोडणारा जॉइन लिहायला लावतो, क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागणारी आज्ञा, मंद का चालते ते विचारतो. पदवीकडे माझे लक्षही जात नाही. परंतु निवड झाल्यावर एच.आर. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागवते आणि अनेकदा चालू सी.टी.सी.वर, म्हणजे वार्षिक एकूण पॅकेजवर, ठरावीक टक्के चढवून ऑफर तयार करते. २.५२ आणि ४ लाखांवर सुरुवात केलेल्या दोघांना दरवर्षी सारखीच १० टक्के वाढ मिळाली, तरी तीन वर्षांनी एक ३.३५ लाखांवर आणि दुसरा ५.३२ लाखांवर असतो, म्हणजे १.४८ लाखांचे अंतर १.९७ लाखांवर जाते. हे अंतर तोडायचे असेल, तर जुन्या पगारावरून नव्हे, पदाच्या बँडवरून, म्हणजे त्या पदासाठी ठरलेल्या पगाराच्या मर्यादेवरून, ऑफर देणारी कंपनी गाठावी लागते, किंवा हातात दुसरी ऑफर ठेवून घासाघीस करावी लागते. पाच-सहा वर्षांचा चांगला अनुभव असलेल्यांनी हे केलेले मी पाहिले आहे.

पदवीशिवायही प्रवेश मिळतो, एच.सी.एल.चा टेकबी उपक्रम बारावी उत्तीर्णांना प्रशिक्षण देऊन घेतो, आणि पदवी न पाहता मुले घेणाऱ्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण तर सगळेच देतात. पण असे दरवाजे मोजकेच आहेत.

परदेशाचा विचार असेल, तर पदवी पुन्हा आडवी येते. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसासाठी चार वर्षांच्या पदवीइतके शिक्षण दाखवावे लागते, आणि आपली तीन वर्षांची पदवी तिथे एका वर्षाने कमी पडते. ते एक वर्ष तीन वर्षांच्या अनुभवाने भरून काढता येते. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून पुरेसा अनुभव आणि ठरलेला किमान पगार असलेल्या आय.टी. तज्ज्ञांना पदवीविना ब्लू कार्डची, म्हणजे तिथे राहून नोकरी करण्याच्या परवान्याची, वाट खुली केली आहे.

तुमच्या जागी मी असतो, तर एम.सी.ए.ची सी.ई.टी. दिली असती. हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचाच आहे आणि अनेक कंपन्यांच्या भरतीत एम.सी.ए.ला बी.ई.च्याच रांगेत धरतात. घरच्या परिस्थितीमुळे लगेच नोकरी धरणे भाग असेल, तर आकड्याआधी काम कोणते ते विचारा, कारण बी.सी.ए. झालेल्या अनेकांना डेव्हलपमेंटऐवजी सपोर्टमध्ये बसवले जाते आणि तिकिटे, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, बंद करण्यात दोन वर्षे गेल्यावर डेव्हलपमेंटकडे वळणे अवघड होते. बॉन्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा आहे, तेही सही करण्यापूर्वी वाचून घ्या.