‘क्लार्कसन्स फार्म’मधली शेती खरी आहे की कॅमेऱ्यासाठी केलेलं नाटक?

जेरेमी क्लार्कसनच्या या शेतीवरच्या मालिकेचे पहिले दोन भाग बघून तुम्ही विचारलंय की एवढा पैसेवाला, जगभर नाव असलेला माणूस शेतात इतका गोंधळ घालेल का, की हे सगळं आधी लिहून घेतलेलं नाटक आहे?

माझं मत असं की गोंधळ बराचसा हौसेनं ओढवून घेतलेला आहे, नुकसान मात्र खरं आहे. मी शेतकरी नाही. लोकांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे पहिले चार सीझन मी ट्रॅक्टरपेक्षा वहीकडे लक्ष ठेवून बघितले, आणि वही बघणाऱ्याला ही मालिका जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

थोडी पार्श्वभूमी. ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमामुळे घराघरांत पोचलेल्या जेरेमी क्लार्कसननं 2008 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये, चॅडलिंग्टन गावाजवळ साधारण हजार एकर जमीन घेतली. कसायला एक शेतकरी होता. 2019 मध्ये तो निवृत्त झाला आणि क्लार्कसननं ठरवलं की आता आपणच कसायची. अ‍ॅमेझॉननं कॅमेरे लावले, जून 2021 मध्ये पहिला सीझन आला आणि मे 2025 मध्ये चौथा.

आता नाटकाचा भाग. तो भलामोठा लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर घ्या. शेडमध्ये मावत नाही, अवजारं जोडायची व्यवस्था युरोपीय धाटणीची असल्यानं तिकडच्या अवजारांशी जुळत नाही, आणि शेतात त्याच्या हाताखाली काम करणारा तरुण कॅलेब कूपर पहिल्याच नजरेत सांगतो की हा फार मोठा आहे. असा ट्रॅक्टर कोणी चुकून घेत नाही. गंमत होणार हे घेणाऱ्याला ठाऊक आहे, निर्मात्यांना ठाऊक आहे आणि बघणाऱ्यालाही. चार माणसं नको म्हणत असताना क्लार्कसन एखादी गोष्ट करायला निघतो, तेव्हा तो कार्यक्रमाचा निवेदक म्हणून काम करत असतो असं समजून बघा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नुसती पेरणी दाखवली असती तर आठ भाग कोणी बघितले असते?

पण त्याच ट्रॅक्टरवर बसून तो पेरणी करतो तो प्रसंग नीट बघा. तिकडे पेरतानाच ठरावीक अंतरावर चाकांपुरत्या दोन पट्ट्या बिनपेरणीच्या सोडतात. पुढे खत टाकायला, फवारणीला ट्रॅक्टर वर्षभर त्याच चाकोऱ्यांतून जातो, म्हणजे उभं पीक तुडवलं जात नाही. फवारणी यंत्राची रुंदी आणि पेरणी यंत्राची रुंदी यांचा मेळ घालून ते अंतर बसवायचं असतं. क्लार्कसनच्या चाकोऱ्या चुकतात आणि कॅलेब संतापतो. तो संताप मला तरी अभिनय वाटला नाही. पेरणीतली चूक खोडता येत नाही. पीक उगवून आलं की ती रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते आणि फवारणीच्या प्रत्येक फेरीला नडते. कॅलेब त्याच भागातला, तिथली जमीन आधीपासून ओळखणारा. वाकड्या चाकोऱ्यांना गाव हसणार ते त्यालाही.

मग पाऊस. पाऊस काही पटकथा वाचून पडत नाही. पहिल्या सीझनचं चित्रीकरण सुरू झालं तो 2019 चा पावसाळी शरद ऋतू. शेतात यंत्र घालता येईना, गव्हाची पेरणी खोळंबली. पुढचा फेब्रुवारी 2020 हा ब्रिटनमधला नोंदींतला सगळ्यात ओला फेब्रुवारी ठरला. आणि लगेच मे 2020 हा इंग्लंडमधला नोंदींतला सगळ्यात कोरडा मे. ज्या जमिनीत ट्रॅक्टर रुतत होता तीच तीन महिन्यांत भेगाळली. त्याच वर्षी मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, हॉटेलं बंद झाली आणि कोकराच्या मटणाचा भाव पडला. अशी पटकथा कोणी लिहून दिली असती तर निर्मात्यानं ती अतिरंजित म्हणून परत केली असती.

रेपसीड या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाची गोष्ट तर मला सगळ्यात बोलकी वाटते. त्या पिकाच्या कोवळ्या रोपांवर एक बारीक, उड्या मारणारा भुंगा पडतो. पूर्वी बियाण्याला निओनिकोटिनॉइड कीटकनाशक चोळून पेरायचे, भुंगा आटोक्यात राहायचा. ती औषधं मधमाश्यांना घातक म्हणून युरोपीय संघानं आधी फुलणाऱ्या पिकांवर आणि 2018 मध्ये सगळ्याच उघड्या शेतांवर बंद केली, तेव्हा ब्रिटन संघातच होता. मग भुंगा मोकाट सुटला आणि क्लार्कसनच्या रेपसीडचं नुकसान झालं. बंदी योग्य की अयोग्य, यावर मालिका भाषण देत नाही. उलट त्याच शेतात क्लार्कसन मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो आणि मध विकतो. म्हणजे एकाच बांधावर एक नुकसान आणि एक उत्पन्न, दोन्हीचं मूळ मधमाशीच.

मेंढ्यांचंही तसंच. वर्षातून एकदा लोकर कातरावीच लागते, नाहीतर उन्हाळ्यात मेंढीला किडे पडतात. पण कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त. हे काही त्याच्या अडाणीपणामुळे झालेलं नाही, ब्रिटनमधल्या कुठल्याही साध्या मेंढपाळाला विचारा, तो हेच सांगेल.

पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात चार्ली आयर्लंड कागद घेऊन बसतो. हा त्याचा सल्लागार. जमीन, पीक, अनुदान, नियम सगळं बघणारा, आणि मालिकेत कधीही आवाज न चढवणारा एकमेव माणूस. (माझ्या धंद्यातली माणसं पडद्यावर बहुतेक वेळा खलनायक असतात, त्यामुळे चार्लीवर माझा जरा जास्तच जीव आहे.) वर्षभर राबून शेताला किती सुटले? 144 पौंड. हा आकडा ऐकून क्लार्कसनचा चेहरा बघण्यासारखा आहे. विनोद करायचा माणूस, पण दोन क्षण त्याला काही सुचत नाही.

हा आकडा हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडमध्ये चांगल्या शेतजमिनीचा भाव ढोबळमानानं एकरी दहा हजार पौंडांच्या घरात असतो. हजार एकरांपैकी काही झाडी आणि कुरणं धरली तरी किंमत कोटभर पौंडांच्या आसपास जाते. कोटभर पौंडांच्या मालमत्तेवर वर्षाचे 144 पौंड. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पहिलंच वर्ष, नवखा माणूस, वाईट हवामान, हे सगळं मान्य. पण अनुभवी शेतकऱ्यांची गाडीही तिकडे बरीच वर्षं सरकारी अनुदानावर चालत होती. युरोपीय संघात असताना एकरांच्या हिशेबानं पैसे मिळायचे. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून इंग्लंडनं ते टप्प्याटप्प्यानं कमी केले आणि त्याऐवजी पर्यावरणाची कामं केली तर पैसे अशी योजना आणली. पुढच्या सीझनमध्ये युक्रेन युद्धामुळे खतांचे भाव कडाडतात, तेव्हा चार्लीच्या कपाळावरच्या आठ्या का वाढतात ते यावरून कळतं.

यातून बाहेर पडायचा त्याचा मार्ग म्हणजे माल थेट विकणं. शेतातच दुकान काढलं. गर्दी इतकी झाली की गावातले रस्ते तुंबले. मग बार्ली पिकवतोच आहोत तर बिअर, गाई पाळतोच आहोत तर रेस्टॉरंट. इथे बांधकामाची परवानगी देणारी तिथली स्थानिक संस्था, म्हणजे वेस्ट ऑक्सफर्डशायर डिस्ट्रिक्ट कौन्सिल, आडवी येते, आणि दुसऱ्या सीझनचा अर्धा जीव याच भांडणात आहे. जानेवारी 2022 मध्ये रेस्टॉरंटचा अर्ज फेटाळला गेला. नियमातली फट शोधून त्यानं त्याच उन्हाळ्यात एका जुन्या कोठारात ते सुरू केलं, कौन्सिलची नोटीस आली, बंद करावं लागलं.

इथे मात्र मालिकेवर पूर्ण विश्वास ठेवू नका. कॅमेरा सतत क्लार्कसनच्या बाजूनं उभा आहे, कौन्सिलवाले म्हणजे आडमुठे असंच चित्र उभं राहतं. पण कॉट्सवोल्ड्सचा तो टापू निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित आहे, रस्ते अरुंद आहेत, आणि आपल्या दारासमोर रोज गाड्यांची रांग लागली तर गावकऱ्यांनी तक्रार करायची नाही का? ज्यांना त्रास झाला त्यांचं म्हणणं फार थोडं ऐकू येतं. दुसरीकडे हेही खरं की शेतकऱ्यानं जोडधंदा करावा असं सरकार एका तोंडानं सांगतं आणि दुसऱ्या तोंडानं परवानगी नाकारतं, ही अडचण एकट्या त्याची नव्हती. मे 2024 मध्ये इंग्लंडनं शेतातल्या जुन्या इमारती व्यवसायासाठी वापरायचे नियम सैल केले, तेव्हा तिकडची वर्तमानपत्रं त्याला ‘क्लार्कसन क्लॉज’, म्हणजे क्लार्कसन कलम, म्हणू लागली. करमणुकीच्या मालिकेचं नाव सरकारी नियमाला चिकटावं, असं सहसा होत नाही.

जनावरांचे भाग मन घट्ट करून बघा, विशेषतः तिसऱ्या सीझनमधली डुकरं. विलेली डुक्करीण आपल्याच पिल्लांवर लोळते आणि ती चिरडून मरतात. सकाळी खोपटात जायचं आणि किती उरली ते मोजायचं. क्लार्कसन मग खोपटाच्या आतून एक गोल कठडा बसवून घेतो. आईला भिंतीला टेकून थेट आडवं होता येऊ नये आणि पिल्लांना कठड्याखाली सरकायला जागा मिळावी, एवढीच कल्पना. जातिवंत डुकरं पाळणाऱ्यांना असे कठडे नवे नाहीत, पण त्याच्या तोंडावर त्या काळात जो थकवा दिसतो तो मेकअपचा नाही. गाईंमागे क्षयरोगाची टांगती तलवार आहेच. चाचणीत एक जनावर सापडलं तरी गोठ्यातून जनावरं हलवायला बंदी येते आणि सापडलेलं जनावर मारावं लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये ही भीती सतत बोलली जाते. जुलै 2025 मध्ये ती खरी झाली, त्याच्याच शेतावर क्षयरोग निघाल्याचं त्यानं जाहीर केलं.

मालिका दाखवत नाही, निदान ठळकपणे दाखवत नाही, ती गोष्ट म्हणजे क्लार्कसनची स्वतःची परिस्थिती. शेत बुडालं तरी तो बुडत नाही. दुकानासमोरची रांग बटाट्यांसाठी नसून त्याच्या चेहऱ्यासाठी असते. शेजारच्या शेतकऱ्यानं तसंच दुकान काढलं तर त्याला ती रांग मिळणार नाही. हे तो स्वतः अधूनमधून कबूल करतो हे खरं, पण कबूल करून पुढच्या मिनिटाला नवी कल्पना घेऊन निघतो. कॅलेबला ते जमणार नाही. त्याला शेतीचं क्लार्कसनपेक्षा कितीतरी जास्त कळतं, पण वर सांगितलेल्या भावानं तो जमीन घेणार कुठून?

आणि जमीन एवढी महाग का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर त्याच्या उत्तराचा एक तुकडा क्लार्कसनकडेच आहे. ब्रिटनमध्ये शेतजमिनीवर वर्षानुवर्षं वारसा कर लागत नव्हता, म्हणून शेतीशी संबंध नसलेले श्रीमंतही ती घेऊन ठेवायचे. आपण जमीन घेतली त्यात हा कर वाचवणं हे महत्त्वाचं कारण होतं, असं क्लार्कसननं 2021 मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात सरकारनं दहा लाख पौंडांवरच्या शेती मालमत्तेला 20 टक्के कर लावायचं ठरवलं, 19 नोव्हेंबरला लंडनमध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला, आणि त्यात क्लार्कसन भाषण करायला उभा. पत्रकारांनी त्याला जुन्या मुलाखतीची आठवण करून दिलीच. पुढे डिसेंबर 2025 मध्ये सरकारनं मर्यादा वाढवून 25 लाख पौंड केली. तर हाच माणूस एकाच वेळी त्या शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा आवाज आणि त्यांची जमीन महाग करणाऱ्या वर्गाचा नमुना आहे. मला यात ढोंग कमी आणि विसंगती जास्त दिसते. पाच वर्षं चिखलात उभं राहिल्यावर माणसाचं मत बदलू शकतं. पण मालिका बघताना ही मुलाखत डोक्यात असू द्या.

बघण्याचा क्रम विचाराल तर पहिला सीझन सलग बघा, मध्ये सोडू नका, 144 पौंडांपर्यंत पोचायलाच हवं. दुसऱ्यातली कौन्सिलची भांडणं थोडी लांबतात. तिसरा सगळ्यात चांगला: त्यात पिकाखालची जमीन कॅलेबकडे आणि झाडी, बांध, काटेरी झुडपं अशी पडीक जागा क्लार्कसनकडे, जास्त कमावतो कोण अशी पैज आहे. कोण जिंकतं ते सांगत नाही, पण शेवटच्या भागातला चार्लीचा फळा थांबवून, आकडे वाचून बघा. चौथ्यात तो पब काढतो आणि हट्ट धरतो की सगळं ब्रिटनमध्ये पिकलेलंच विकायचं, मग काळी मिरी कुठून आणायची इथपर्यंत गाडी अडते. तेवढा भाग झकास आहे. बाकीची पबची बांधकामं पुढे ढकलत बघितली तरी चालतील.