१९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये एवढ्या बायका घरीच बाळंत व्हायच्या, हॉस्पिटल परवडत नव्हतं का?

परवडण्याचा प्रश्न नव्हता हो. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी मोफत आरोग्यसेवा, सुरू झाली, तेव्हापासून घरी काय नि हॉस्पिटलात काय, बाळंतपण फुकटच होतं. अडचण बेडची होती. मॅटर्निटी बेड कमी, मग ते द्यायचे कुणाला तर पहिलटकरणीला, जिची आधीच बरीच मुलं झालीयत तिला, तब्येतीचा काही धोका असेल तिला, आणि जिच्या घरात ओल आहे, एकाच खोलीत सगळं कुटुंब आहे तिला. म्हणजे तुम्ही समजताय त्याच्या उलट, घर फारच वाईट असेल तर बेड आधी मिळायचा, आणि घर बऱ्यापैकी, तब्येत चांगली, दुसरं-तिसरं बाळ असलं की घरीच.

मी १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये मिडवाइफरी, म्हणजे सुईणीचं काम, शिकले. ज्या सिस्टरच्या हाताखाली होते त्यांनी त्याआधी वीसेक वर्षं डिस्ट्रिक्ट केलेलं, म्हणजे सायकलवरून घरोघरी जाऊन बाळंतपणं. त्यामुळे यातलं बरंचसं मला चहाच्या वेळेला त्यांच्याच तोंडून कळलंय.

सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावातली अनुभवी म्हातारी येते, ते आधी बाजूला ठेवा. तिथे १९०२ च्या कायद्याने मिडवाइफची परीक्षा आणि नोंदणी आली. पण खरा बदल १९३६ च्या कायद्याने केला असं मला वाटतं, कारण त्याने स्थानिक कौन्सिलवर पगारी मिडवाइफ पुरवायची जबाबदारी टाकली. त्याआधी बऱ्याच जणी केसमागे पैसे घ्यायच्या, नवऱ्याचं काम सुटलेलं असलं की ते बुडायचे. पगार आला, सुट्टीचा दिवस आला, तेव्हा कुठे शिकलेल्या मुली या कामात टिकायला लागल्या.

सिस्टर सांगायच्या, गरोदरपणातच घरी जाऊन खोली बघून यायची, पाणी कुठून येतं, शेकोटी नीट पेटते का. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवायला सांगायच्या नाहीतर वाकून वाकून कंबर जाते, आणि जुनी वर्तमानपत्रं साठवायला सांगायच्या, गादीवर अंथरायला. कळा सुरू झाल्या की नवरा कोपऱ्यावरच्या फोन बॉक्सकडे पळणार, नाहीतर शेजारीण जाणार. आणि बाळ झालं म्हणजे काम संपलं असं नाही, पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जायचं, नंतर रोज एकदा. आपल्याकडे सोयर दहा दिवस असतं ना, तसं तिथेही निदान दहा दिवस मिडवाइफचं येणं धरलेलंच असायचं.

दुखणं कमी करण्याच्या बाबतीत मात्र घरच्या बाळंतिणीवर अन्याय झाला हे मी स्पष्ट सांगते. लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांचं गॅस-अँड-एअरचं, म्हणजे कळा सोसाव्यात म्हणून हवेत मिसळलेला गॅस हुंगायला देण्याचं, यंत्र वापरायला मिडवाइफना १९३६ मध्येच परवानगी मिळालेली, पण ते जड, ट्रेनिंग घेतलेली मिडवाइफ हवी, सायकलवर न्यायचं कसं? मार्च १९४६ च्या एका आठवड्यात ज्यांना मुलं झाली त्या आयांची देशभर पाहणी झाली, त्यात घरी बाळंत झालेल्यांपैकी थोड्याच जणींना असं काही मिळाल्याचं दिसलं. पेथिडिन हे दुखणं कमी करणारं औषध स्वतःहून द्यायची मुभा मिडवाइफना १९५० ला मिळाली.

आता घरी धोका किती होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये हजार बाळंतपणांमागे चारेक आया जायच्या. १९३६ ला लंडनच्या क्वीन शार्लट्स हॉस्पिटलमध्ये डॉ. कोलब्रुक यांनी सूतिकाज्वरावर, म्हणजे बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापावर, सल्फाचं औषध चालतं हे दाखवलं, मग पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या आल्या, आणि फ्लाइंग स्क्वॉड, म्हणजे रक्तस्राव थांबत नसेल तर हॉस्पिटलचे डॉक्टर रक्ताच्या बाटल्या घेऊन गाडीने थेट घरी यायचे. मागे एवढं सगळं उभं होतं म्हणून घरी बाळंतपण करणं जमत होतं, नुसत्या सुईणीच्या हातगुणावर नाही.

पुढे १९५९ च्या सरकारी समितीने ७० टक्के बाळंतपणं हॉस्पिटलात व्हावीत म्हटलं, १९७० च्या समितीने सगळीच. १९६० च्या सुमारास तिसरा हिस्सा घरी होता, १९८० च्या दशकात जेमतेम एक टक्का राहिला. मी शिकत होते तेव्हा सिस्टरसुद्धा वॉर्डातच आलेल्या. तिथे एकदा एका बाईने रात्री माझा हात धरून विचारलं, सकाळपर्यंत तूच असशील ना? माझी ड्युटी तासाभरात संपत होती, तिला नाही म्हणावं लागलं.