गावातून जाणाऱ्या रस्त्यावरच्या वेगाची सरकारी मोजणी सामान्य माणसाला मिळते का?

मिळते. रस्ता सरकारी, मोजणीचा पैसा सरकारी, गाड्या तुमच्या-आमच्या दारासमोरून जाणाऱ्या. त्यात गुपित काय आहे? पण तुमच्या प्रश्नात "साहेब म्हणाले सर्व्हे झाला आहे, वेग मर्यादेत आहे, कागद मात्र दाखवला नाही" हे वाचलं आणि डोकं तापलं. हेच मला लेखी मिळालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

फाट्यावर माझं कृषी केंद्र आहे. काउंटरवर बसलं की समोर राज्य मार्ग, पलीकडे जिल्हा परिषदेची शाळा, अलीकडे गावठाण. रस्ता डांबरी होता तोवर खड्डेच गतिरोधकाचं काम करायचे. काँक्रीटचा झाला आणि रेतीचे टिप्पर असे सुटायला लागले की पानठेल्यावाल्याने बाकडं उचलून मागे भिंतीला लावलं. ग्रामसभेने शाळेसमोर गतिरोधक मागणारा ठराव केला. बांधकाम खात्याच्या कार्यालयाचं उत्तर आलं: "सदर ठिकाणी केलेल्या सर्वेक्षणात वाहनांचा वेग विहित मर्यादेत आढळून आल्याने गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही." ठीक आहे, मी माहितीच्या अधिकारात ते सर्वेक्षण मागितलं. तर त्याच कार्यालयाने, त्याच शिक्क्यानिशी कळवलं की वेगाबाबतची माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही, फक्त वाहनसंख्या मोजली होती. आता बोला!

ती मोजणी माझ्या डोळ्यांसमोर झाली होती. कापूस वेचणीचे दिवस. रस्त्यावर आडव्या दोन काळ्या रबरी नळ्या खिळे ठोकून ताणलेल्या, आणि कडेच्या निंबाला साखळीने बांधलेली कुलूपबंद पेटी. चाक नळीवर चढलं की आतली हवा दाबली जाते आणि पेटीत ठोका नोंदला जातो. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत येऊन नळ्यांवर उड्या मारायची आणि राखणीला बसलेला पोरगा ओरडायचा, "अबे उतरा, तुमच्यापायी टिप्पर वाढून राह्यले!" त्यानेच एकदा दुकानात चहा घेताना मला सांगितलं की नुसती चाकं मोजायला एक नळी पुरते. दुसरी असते वेगासाठी. दोन नळ्यांमधलं अंतर ठरलेलं, ते कापायला चाकाला किती वेळ लागला ते पेटीला कळतं, झाला वेग. वेगावरून दोन आसांमधलं अंतर निघतं आणि त्यावरून मोटरसायकल की ट्रक ते ठरतं. म्हणजे गाड्यांचे प्रकार मोजले असतील, तर वेग असणारच.

पहिल्या अपिलात मी एवढंच लिहिलं: संख्याच मोजायची होती तर दुसरी नळी कशाला लावली? सुनावणीत पवित्रा बदलला. आता माहिती होती, पण खासगी सल्लागार संस्थेकडे होती, आणि कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपित होती! आमच्या शाळेसमोरून टिप्पर किती जोरात जातो हे कोणाचं व्यापारी गुपित? कायद्यातल्या माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला डेटा स्पष्ट लिहिला आहे, आणि जे कार्यालयाच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे ते सगळं मागता येतं. ज्याला बिल तुम्ही अदा केलं त्याचा तक्ता तुमच्या नियंत्रणाखाली नाही, तर कोणाच्या? अपिलीय अधिकारी मात्र सरळ माणूस निघाला. त्यांनी फाईल मागवली, चाळली आणि प्रती द्यायला सांगितल्या.

तक्ता हातात आला तेव्हा खरी गंमत कळली. नळ्या शाळेसमोर नव्हत्या, पुलाच्या वळणाजवळ होत्या, हे मी पाहिलंच होतं, उत्तरात मात्र "सदर ठिकाणी" लिहिलं होतं. तिथे तर दारू प्यालेला माणूसही ब्रेक मारतो. आणि "वेग मर्यादेत" म्हणजे सरासरी वेग मर्यादेत. हंगामात कापसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बंड्या दिवसभर रेंगाळत जातात, ते सगळे सरासरीत. रात्री मोकळ्या रस्त्यावर सुटणारे टिप्पर त्या सरासरीत बुडून गेले. रस्त्याच्या अभियांत्रिकीत वेगमर्यादा ठरवताना ८५ टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा बघतात, नुसती सरासरी नाही. तो आकडा तक्त्यात शेवटच्या रकान्यात होता आणि मर्यादेच्या बाहेर होता. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

इथे आमच्या साडभाऊंचा विषय काढावाच लागतो. एका लग्नाच्या मांडवात चार लोकांसमोर ते म्हणाले होते, "अर्ज टाकून गाडी हळू होते काय जी? दोन ट्रॉल्या मुरूम टाका अन् मोकळे व्हा!" गावातल्या पोरांनी पुढे तेच केलं. मुरूम आणि सिमेंटचा गतिरोधक, वावराच्या धुऱ्याएवढा उंच, रंग नाही, फलक नाही. टिप्परला काही झालं नाही. अंधारात दूधवाला आपटला, कॅन एकीकडे, तो एकीकडे. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं मानक साधं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने नीट ओलांडता येईल असा. तो मिळवायचा तर कागद लागतो आणि कागदाला आकडा लागतो. तक्ता जोडून ग्रामपंचायतीने पुन्हा पत्र दिलं तेव्हा शाळेच्या दोन्ही बाजूंना फलक लागले आणि पांढऱ्या जाड पट्ट्या मारल्या गेल्या. गतिरोधक अजून नाही, हे साडभाऊ दर भेटीत ऐकवतात. पट्ट्यांच्या खडखडाटाने रात्री झोप येत नाही ही पानठेल्यावाल्याची तक्रारही माझ्याच नावावर जमा आहे. असो.

तुमच्या अर्जाचं. "माझ्या गावात वाहनं वेगाने का जातात" असं विचाराल तर काहीच मिळणार नाही. "का" म्हणजे माहिती नव्हे. "सरासरी काढून द्या" हेही नको, कारण जे तयार नाही ते नव्याने बनवून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. असलेला कागद त्याच्या नावाने मागा: वाहतूक गणनेचा तासवार तक्ता, वेग-वर्गवारीचा तक्ता, मोजणीच्या जागेचा नकाशा, सल्लागाराचा अहवाल आणि त्याला दिलेला कार्यादेश. सोबत फाईल पाहण्याचीही मागणी करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याचा निकाल आला किंवा यायची मुदत संपली की ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे. विदर्भात खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. जीविताचा प्रश्न म्हणून ४८ तासांत माहिती मागण्याचा सल्ला काही लोक देतात. त्या भानगडीत पडू नका, तेवढ्यावरच वाद होऊन वेळ जातो.

पोलिसांचा डेटा वेगळा. इंटरसेप्टर गाडीतली स्पीड गन ज्यांना चलन होतं त्यांचीच नोंद दाखवते, त्यावरून रस्त्याचा वेग कळत नाही. वाहन क्रमांक मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून तेवढ्यावरून सगळा अर्ज अडवतील. आणि तुमच्या रस्त्यावर मोजणी झालीच नसेल, तर "उपलब्ध नाही" हे उत्तर खरं असेल. तेही लेखी घ्या, साहेबांच्या तोंडी सर्व्हेला ते उत्तर आहे. गावात लोक म्हणतील हा पैसे खायला अर्ज टाकतो. मला म्हणाले. मिळालेला प्रत्येक कागद मी ग्रामपंचायतीत देऊन ठेवतो, त्यानंतर बोलणं कमी झालं.

मागण्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. राज्य मार्ग बहुधा बांधकाम खात्याकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. चुकीच्या दारात अर्ज गेला तरी पाच दिवसांत पुढे पाठवायची जबाबदारी त्यांची. मात्र रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा अर्जात लिहाच. गावाच्या नावाने त्यांच्याकडे एकही फाईल सापडत नाही.